यात्रेचा तमाशा ठरवताना: राहुटीपासून हजेरीपर्यंत

आमच्या भैरवनाथाच्या यात्रेत 2019 नंतर तमाशा उभा राहिला नव्हता. 2020 चा गुढीपाडवा 25 मार्चला आला आणि लॉकडाऊनचा पहिला दिवसही तोच. ज्या दिवशी नारायणगावात गावोगावची माणसं तमाशाच्या सुपाऱ्या, म्हणजे खेळाचं बुकिंग, घेऊन जमायची, त्या दिवशी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पुढे यात्रा पुन्हा भरू लागली, पण तमाशाच्या जागी आधी ऑर्केस्ट्रा आला, मग डीजे. या काळात तीस वर्षं गावाचा तमाशा ठरवणारे आमचे नाना वारले. फोन कुणाला करायचा, इसार किती द्यायचा, पोलिसांत कुठला कागद लागतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. लिहून ठेवलेलं काहीच नव्हतं.

जानेवारी 2025 मध्ये यात्रा कमिटीच्या बैठकीत तमाशाचा विषय निघाला आणि जबाबदारी माझ्यावर आली. माझं गावात खत-बियाण्यांचं दुकान आहे. तमाशा मी लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून पाहिलेला, एवढीच माझी ओळख. घरटी 500 रुपये वर्गणी ठरली. लोकांनी विश्वासानं दिलेले पैसे आपण चुकीच्या फडाला, म्हणजे तमाशा मंडळाला, देऊन बसलो तर, या विचारानं दोन-तीन रात्री मला झोप लागली नाही. आमच्यासारखी बरीच गावं आता पुन्हा तमाशाकडे वळत आहेत. त्यांच्यासाठी हे सगळं तारीखवार लिहून ठेवतोय.

पहिलं काम केलं ते आण्णांकडे जाण्याचं. आण्णांचं वय 74. तरुणपणी सहा हंगाम ते एका ढोलकी फडात झीलकरी होते, म्हणजे मागे उभं राहून सूर धरायचे आणि तुणतुणं वाजवायचे. त्यांनी एकच अट घातली, "जाहिरातीवरचे फोटो बघून सुपारी द्यायची नाही. बोर्डावर बघायचं, आणि शेवटपर्यंत बघायचं." तमाशातली माणसं रंगमंचाला बोर्ड म्हणतात.

दुकानातली एक कोरी वही मी त्यासाठी काढली. आण्णांनी सांगितल्याप्रमाणे पानावर रकाने आखले: गण, गवळण, बतावणी, रंगबाजी, वग. प्रत्येकासमोर सुरू कधी झालं, संपलं कधी आणि मनात काय आलं ते लिहायचं. ज्यांनी पूर्ण तमाशा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गण म्हणजे गणपतीचं स्तवन. त्याआधी ढोलकी-हलगीची सलामी झडते. मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांना अडवणारा कृष्ण, त्याचा पेंद्या, आणि या सगळ्यांची मावशी, जी बहुधा पुरुषच करतो. बतावणी म्हणजे सोंगाड्याचा हजरजबाबीपणा. रंगबाजीत लावण्या आणि हल्ली सिनेमाची गाणी. शेवटी वग, म्हणजे पूर्ण कथा असलेलं नाटक.

पहिला फड पाहिला 12 फेब्रुवारीला, माघ पौर्णिमेच्या यात्रेत, शेजारच्या तालुक्यात. मोठा पडदा, रंगीत दिवे, नाचणाऱ्या चौदा मुली. मी भारावून गेलो. गण तीन मिनिटांत संपला याकडे माझं लक्षही गेलं नाही. सव्वाअकरापर्यंत गाणी चालली आणि सकाळी दुकान उघडायचं म्हणून मी उठलो. दुसऱ्या दिवशी आण्णांना सांगितलं, हाच फड घेऊ. त्यांनी वही मागितली. वगाच्या रकान्यात काही नव्हतं. मग त्यांनी त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. वग चाळीस मिनिटांत गुंडाळला होता. अर्धी पात्रं आलीच नव्हती आणि गाणी सगळी ट्रॅकवर, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या संगीतावर होती. ढोलकीवाला नुसता ताल धरून बसला होता. हे मला समोर बसून कळलं नव्हतं. त्या दिवसापासून मी गाणं सुरू झालं की आधी वादकांच्या हातांकडे बघायला लागलो.

दुसरा फड 2 मार्चला पाहिला. तो तंबूचा खेळ होता, तिकीट 100 रुपये, एका बाजारपेठेच्या गावी. गवळण इतकी सुरेख झाली की वहीत मी त्यापुढे दोन रेघा ओढल्या. मावशी करणारा माणूस साठीचा असेल. लुगड्याचा काष्टा, कपाळावर आडवं कुंकू आणि हातात रिकामी दुरडी. त्या दुरडीत दही आहे, ताक आहे, लोणी आहे, असं काही त्यानं धरलं की प्रेक्षक वाकून बघत होते. पण बतावणीला सोंगाड्या घसरला. द्वयर्थी बोलणं तमाशाला नवीन नाही. पण त्यात शब्दाची कारागिरी असते, ऐकणाऱ्याला दुसरा अर्थ शोधावा लागतो. इथे शोधायला काही ठेवलंच नव्हतं. माझ्या मागच्या रांगेत एक आजी नातीला घेऊन बसल्या होत्या, त्या उठून गेल्या. आमच्या यात्रेत माहेरवाशिणी येतात. मी त्या फडावर काट मारली, मावशीसाठी जीव तुटत असूनही.

मग आण्णा म्हणाले, "फड खरा बघायचा तर हजेरीला बघ. उजेडात लपवायला काही नसतं."

हजेरी म्हणजे रात्रीच्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी होणारा खेळ. 17 मार्चला, सोमवारी सकाळी दहाला, आम्ही तिसऱ्या फडासमोर बसलो. रात्रभराची जागरणं, डोक्यावर ऊन, दिवे नाहीत, पडद्याची चमक नाही. आण्णा मला सरळ बोर्डाच्या बाजूला घेऊन गेले. तिथे एक कलावंतीण ट्रकच्या आरशात बघून कुंकू लावत होती आणि दुसरी पायाला चाळ बांधत होती. तीन वेळा सोडून तिनं ते पुन्हा आवळून बांधले. ढोलकीवाल्याच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना चिकटपट्टी होती. उन्हानं पुडी, म्हणजे ढोलकीचं कातडं, ताणून सूर चढत होता, आणि दर दोन गाण्यांनंतर तो कड्या सरकवून सूर उतरवून घ्यायचा. शंभर-दीडशे लोकांसमोर, सकाळच्या उन्हात, सूर बरोबर असण्याबद्दल त्याला एवढी काळजी होती. वहीत मी तिथेच लिहिलं, "हा फड."

आण्णा म्हणाले, थांब, वग बघ.

वग सामाजिक होता. दोन भावांची वाटणी आणि मधला बांध. थोरल्या भावाची बायको करणारी बाई पंचावन्नच्या आसपासची. गवळणीत ती मागच्या ओळीत नुसती उभी होती, माझ्या नजरेतही भरली नव्हती. वाटणीच्या प्रसंगात ती बोर्डावर खाली बसली आणि बोटानं फळीवर एक रेघ ओढली. मग तीच रेघ तळहातानं पुसली. पुन्हा ओढली. तिच्या तोंडी तेवढा वेळ एकही वाक्य नव्हतं. तुणतुण्याची एकच तार वाजत होती. कडेला बर्फाचा गोळा विकणाऱ्यानं घंटी हातात धरून ठेवली. माझ्या चुलत्यांची आणि वडिलांची वाटणी मी पाहिलेली आहे. मला पुढचं काही वेळ नीट दिसलं नाही.

फड बघायला जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, वगातली वयस्क माणसं बघा. नाचणाऱ्या मुली फडाफडांतून बदलत राहतात. वग तोलून धरणारी चार-पाच माणसं फडात टिकून असतील, तर तिथे तालमी होतात, उचल वेळेवर मिळते आणि मालकाला माणसांची कदर आहे असं धरून चाला.

पाडवा होता 30 मार्चला, रविवारी. सकाळी गुढी उभारून आम्ही चौघं टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा करत साडेअकराला नारायणगावात पोचलो. पुणे-नाशिक रस्त्यावरचं हे गाव. इथे दरवर्षी पाडव्याच्या आसपास फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीबाहेर फलक, आत सतरंजी, टेबल आणि टेबलावर तारखांची वही. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड याच गावचा. भाऊंची लेक, तमाशा कलावंत विठाबाई, जिला 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, ती इथल्याच नावानं ओळखली गेली. आण्णांनी राहुट्यांत शिरण्याआधी चप्पल काढून तिच्या नावानं हात जोडले.

आमची तारीख अवघड होती. चैत्र वद्य अष्टमी, सोमवार, 21 एप्रिल. भैरवनाथाच्या कितीतरी यात्रा त्याच दिवशी असतात. चैत्र पौर्णिमा, अष्टमी, अक्षय्य तृतीया या तारखांना भाव चढतो. तुमच्या गावाची तिथी यांपैकी असेल तर पाडव्याच्या आधीच फोनवर शब्द घेऊन ठेवा. आम्ही 18 मार्चलाच हजेरीत पाहिलेल्या तिसऱ्या फडाच्या मॅनेजरशी बोललो होतो, तरीही आमच्या आधी तिघं जण त्याच तारखेसाठी बसले होते. दोन तास दहा मिनिटं थांबलो. मॅनेजरनं 2 लाख 10 हजारांपासून सुरुवात केली. आण्णांनी घासाघीस केली नाही. त्यांनी हजेरीतल्या वगाचं कौतुक केलं आणि वाटणीच्या प्रसंगात तुणतुणं कोण वाजवत होतं ते विचारलं. शेवटी रात्रीचा खेळ आणि हजेरी मिळून 1 लाख 65 हजारांवर सुपारी ठरली. इसार 45 हजार. उरलेल्यातले 60 हजार बोर्ड उभा राहिल्यावर आणि 60 हजार हजेरी संपल्यावर.

करार आम्ही 500 रुपयांच्या मुद्रांकावर केला. फडाचा छापील कागद असतो, पण त्यात तारीख आणि रक्कम एवढंच. आम्ही घालून घेतलेल्या गोष्टी अशा: फड गावात किती वाजेपर्यंत पोचणार, किमान किती कलावंत असणार, कुठला वग होणार, वादन प्रत्यक्ष असणार की ट्रॅकवर, पाऊस आला किंवा परवानगी नाकारली गेली तर इसाराचं काय. ट्रॅकचं कलम ऐकून मॅनेजर क्षणभर आण्णांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, हे आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं." त्यानं आनंदानं सही केली. वगाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. त्याची झेरॉक्स तिथेच मागून घ्या, पुढे एक हेलपाटा वाचतो.

आता पोलीस परवानगी. इथे सगळ्यात जास्त दमणूक झाली.

2 एप्रिलला पहिल्यांदा गेलो. परवानगीचं काम ठाण्याच्या गोपनीय विभागाकडे असतं. तिथे दोन तास वीस मिनिटं बसलो आणि ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला व जागेचा नकाशा नाही म्हणून परत आलो. 8 एप्रिलला दाखला, हातानं काढलेला नकाशा, कमिटीच्या अकरा जणांची आधार कार्डं, फडाचा करार आणि प्रमाणपत्राची प्रत घेऊन गेलो. अर्ज घेतला. सोबत आयोजकांना देतात ती नोटीस मिळाली. पूर्वी तिला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलमावरून 149 ची नोटीस म्हणायचे, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 खाली येते. ती हातात पडल्यावर मी घाबरलो होतो. घाबरू नका, गैरप्रकार झाल्यास जबाबदारी तुमची, एवढंच त्यात असतं.

खरी अडचण वेळेची निघाली. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातल्या मोजक्या दिवसांना, जास्तीत जास्त पंधरा, बारापर्यंत सूट मिळू शकते. जिल्ह्याच्या त्या यादीत आमची तारीख नव्हती. म्हणजे दहाला माईक बंद. पूर्वी आमच्याकडे दहाला तमाशा सुरू व्हायचा.

गावात बैठक झाली, आवाज चढले. कुणी म्हणालं, मग वग नको, गाणीच ठेवू. मॅनेजरचं फोनवर तेच म्हणणं, "पब्लिक गाण्यांना थांबतंय दादा, वग आटोपता घेऊ." मी वही घेऊन बसलो. साडेसहाला सुरू करून दहाला संपवायचं तर हाताशी 210 मिनिटं. तिन्ही फडांच्या वेळा माझ्याकडे मिनिटांसकट होत्या. त्यावरून मांडणी केली: गण 10, गवळण 25, बतावणी 15, रंगबाजी 50, वग 110. ज्या वगासाठी आपण हा फड घेतला तोच कापायचा असेल, तर वर्गणी परत करू, असं मी बैठकीत सांगितलं. एवढं ठामपणे मी गावात कधी बोललो नव्हतो. आण्णा काही बोलले नाहीत, पण माझ्याशेजारी येऊन बसले. छबिना साडेचारला काढायचं ठरलं.

आणखी एक चोर होता, सत्काराचा. नारळ, टॉवेल, टोपी, फेटा आणि मग दोन शब्द. मागच्या यात्रांचे मोबाइलवरचे व्हिडिओ बघितले तर त्यात चाळीस-पंचेचाळीस मिनिटं जात होती. सगळे सत्कार सव्वासहाच्या आत आणि बक्षिसांची नावं गाण्यामध्ये न पुकारता गवळण संपल्यावर एकदाच, असा ठराव केला. कलावंताला बक्षीस जरूर द्यावं, पण लावणीच्या ऐन समेवर माईक हिसकावून नाव पुकारलं की त्या बाईची सगळी मेहनत फुकट जाते.

17 एप्रिलला परवानगीचा कागद हातात आला.

21 एप्रिलला दुपारी एक वीसला दोन ट्रक आणि एक बस आली. माणसं 58. देवळामागचं सभागृह त्यांच्यासाठी रिकामं केलं होतं. बायकांसाठी चारी बाजूंनी कनात लावून न्हाणीघर, चार फिरती शौचालयं आणि दोन टँकर पाणी. हे कृपा करून विसरू नका. फडातल्या एका ताईंनी माझ्या बायकोला सांगितलं की आदल्या मुक्कामी त्यांना अंघोळीसाठी अंधार पडायची वाट बघावी लागली होती. शिधा आम्ही दिला, स्वयंपाक त्यांचा त्यांनी केला.

खेळ सुरू व्हायला सहा पन्नास झाले. एका पाहुण्यांचा फेटा राहिला होता. वीस मिनिटं गेली. मॅनेजर माझ्याकडे आला आणि काय काढू म्हणून विचारलं. रंगबाजीतली सिनेमाची चार गाणी काढा, म्हणालो. लावण्या तशाच ठेवल्या. पुढच्या पोरांनी थोडा आरडाओरडा केला. मग ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी सुरू झाली आणि तीच पोरं उभी राहिली.

आठ वाजून चार मिनिटांनी वग लागला. बांधाची रेघ ओढायची वेळ आली तेव्हा मी बोर्डाकडे न बघता लोकांकडे बघत होतो. आमच्या गावात अशी कितीतरी घरं आहेत ज्यांच्या मधल्या बांधावरून कोर्टात तारखा चालू आहेत. त्यांतले दोन सख्खे भाऊ एकाच सतरंजीच्या दोन टोकांना बसले होते. दोघांनीही मान खाली घातली होती. नऊ छप्पन्नला वग संपला, दहाच्या आत माईक बंद झाला. बंदोबस्तावरचे पोलीस पारावर बसून शेवटपर्यंत बघत होते.

दुसऱ्या दिवशी हजेरीला बायका मोठ्या संख्येनं आल्या, रात्री न आलेल्याही. फडानं त्यांच्यासाठी गवळण लांबवली. दुपारी एकला शेवटचे 60 हजार मोजून दिले आणि पावती घेतली. अडीचला ट्रक पुढच्या गावाला निघाले, तिथे त्याच रात्री खेळ होता. निघताना वग करणाऱ्या बाई माझ्या आईच्या पाया पडल्या आणि आईनं त्यांची ओटी भरली.

खर्चाचा हिशेब देवळाच्या फलकावर लावला: सुपारी 1,65,000, शिधा 9,800, टँकर 3,200, शौचालयं 6,000, बांबूची अडवण 7,500, महावितरणची तात्पुरती जोडणी 4,100, प्रवास-मुद्रांक-झेरॉक्स 5,400. एकूण 2,01,000. वर्गणी 386 घरांची, 1,93,000. वरचे आठ हजार कमिटीच्या मागच्या शिलकीतून घेतले. पुढच्या खेपेला अडवणीचे बांबू भाड्यानं न घेता गावातूनच गोळा करता येतील.

वही आता देवळाच्या कपाटात, पावती पुस्तकांच्या शेजारी ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर आण्णांनी नानांना आठवून सहा फडांची नावं सांगितली, ती मी लिहून घेतली आहेत. तिसऱ्या पानापासून रकाने कोरे आखलेले आहेत.